फोटोंना ऑल्ट टेक्स्ट दिल्याने गूगलवर फरक पडतो का?

पैठणीच्या दुकानाच्या साइटवर शेकडो फोटो आहेत, प्रत्येकाला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारं, पानाच्या कोडमधलं छोटं वर्णन) लिहीत बसण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. पण तेवढ्याने अख्खी साइट पहिल्या पानावर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. खरा फायदा इमेज सर्चमध्ये होतो, आणि साडीचं गिऱ्हाईक आधी फोटोच बघतं.

मी छोट्या दुकानदारांच्या साइट सांभाळतो. बऱ्याच ठिकाणी ऑल्टचा रकाना रिकामा असतो, नाहीतर त्यात 'पैठणी, येवला पैठणी, स्वस्त पैठणी, पैठणी ऑनलाइन' अशी खोगीरभरती असते. ही भरती रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट. असे शब्द कोंबले तर साइट स्पॅम ठरू शकते, असं गूगलनेच लिहून ठेवलंय. त्यापेक्षा 'राणी रंगाची पैठणी, पदरावर बांगडीमोर, मुनिया काठ' एवढं पुरे. फोटोत साडी आहे, ती गुलाबी आहे, हे गूगलला आता बऱ्यापैकी ओळखता येतं. काठाला काय म्हणतात ते मात्र तुम्हीच सांगायला हवं, कारण जाणकार गिऱ्हाईक त्याच नावाने शोधतं.

आणि हेच वाक्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, अंध व्यक्तीला वाचून दाखवतो. ऑल्ट टेक्स्ट मुळात त्यासाठीच आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. लेकीच्या लग्नाची पैठणी निवडताना पदरावर काय विणलंय हे न दिसणाऱ्या आईलाही कळायला नको का? 'पैठणीचा फोटो' असं लिहू नका. ते चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. पान मराठीत असेल तर ऑल्टही मराठीतच लिहा, आणि पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवून घ्या. नाहीतर इंग्रजी आवाज मराठीचं पार वाटोळं करतो.

नुसत्या शोभेच्या नक्षीला ऑल्ट रिकामा ठेवा. फोटोवर क्लिक करून दुसरं पान उघडत असेल, तर गूगल ऑल्टलाच त्या लिंकचा मजकूर धरतं, म्हणून तिथे नीट लिहा. साड्यांचे फोटो सीएसएसमधून (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधून) पार्श्वभूमीला टाकले असतील, तर ते गूगलच्या इमेज सर्चमध्ये येतच नाहीत.

साइट वर्डप्रेसवर असेल तर एक लक्षात ठेवा: मीडिया लायब्ररीत ऑल्ट बदलला, तरी आधीच्या लेखांत टाकलेल्या फोटोंचा बदलेलच असं नाही. ती पानं उघडून तिथेच दुरुस्त करा. सुरुवात सगळ्यात जास्त खपणाऱ्या साड्यांपासून करा.