दार कोणी उघडायचे? मोबाईल नेटवर्कवरील उपकरणांविषयी प्रश्नोत्तरे

बागेतला पंप, तलावावरचा कॅमेरा, शीतगृहातला तापमापक अशी सिमकार्डावर चालणारी उपकरणे कोकणात झपाट्याने वाढत आहेत आणि त्यांविषयीची पत्रेही. बहुतेक पत्रांत रेंज आणि रिचार्ज यांचीच चौकशी असते. ती योग्यच आहे. पण सिम निवडताना मी आधी एवढेच विचारतो, की उपकरण स्वतःहून बाहेर संपर्क साधते, की बाहेरचा कोणीही त्याच्याशी संपर्क साधू शकतो?

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची कलमबाग आहे. विहिरीवर मोबाईल स्टार्टर असून मिस कॉल दिला की पंप सुरू होतो. गेल्या पंधरवड्यात दोनदा पंप रात्री आपोआप चालू झालेला आढळला. कोणी सिम हॅक केले असेल का?

तसे घडू शकते, पण आधी स्टार्टरचे झाकण उघडून 'ऑटो'चा स्विच पाहावा. तो चालू असेल तर वीज जाऊन परत आली की थोड्या वेळाने पंप आपला आपण सुरू होतो, आणि वीज रात्रीतून किती वेळा जाते-येते हे आपल्याला मी सांगायला नको. त्या दोन रात्रींच्या वेळा वीज आल्याच्या वेळांशी जुळल्या, तर चोर सापडला असे समजावे.

त्या जुळल्या नाहीत, तर मात्र काळजीचे कारण आहे. मालकाचा क्रमांक नोंदवलेला नसेल तर अनेक स्टार्टर आलेला कोणताही कॉल मान्य करतात. एसएमएसने चालणाऱ्या स्टार्टरांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड १२३४ असा काहीतरी असतो आणि तो माहितीपत्रकातच छापलेला असतो. क्रमांक नोंदवल्यावरही पूर्ण निर्धास्त राहता येत नाही, कारण इंटरनेटवरून कॉल करून समोर भलताच क्रमांक दिसेल अशी व्यवस्था करता येते. दिसणारा क्रमांक ही ओळख आहे, पुरावा नव्हे. शिवाय टू-जीमध्ये नेटवर्क सिमची ओळख पटवून घेते, पण सिम मात्र नेटवर्कची ओळख विचारत नाही, त्यामुळे खोटा टॉवर उभा करणे तुलनेने सोपे असते. थ्री-जीपासून ही पडताळणी दोन्ही बाजूंनी होते.

तेव्हा मालकाचा क्रमांक नोंदवा, पासवर्ड बदला आणि स्टार्टरच्या पेटीवर सिमचा क्रमांक रंगाने लिहिलेला असेल तर तो आजच खरवडून काढा. पेटीवर क्रमांक रंगवायची ही पद्धत मी अनेक बागांत पाहिली आहे. नवा स्टार्टर घ्याल तेव्हा फोर-जीचा, स्वतःहून सर्व्हरशी सांकेतिक (मधल्या कोणाला न वाचता येणारी) जोडणी करून तिथून आज्ञा घेणारा घ्यावा. विहीर आटल्यावर पंप बंद करणारी सोय असलीच पाहिजे, म्हणजे चुकून चालू झाला तरी मोटर जळणार नाही.

प्रश्न : गुहागर तालुक्यात खाडीकाठी आमचे कोळंबीचे तलाव आहेत. एरिएटरवर (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रांवर) लक्ष ठेवण्यासाठी सहा कॅमेरे फोर-जी राउटरवर लावले आहेत. बसवणारा म्हणतो, स्टॅटिक पब्लिक आयपीचे, म्हणजे इंटरनेटवर कायम एकच उघडा पत्ता असलेले, सिम घेऊन राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचे दार) उघडले नाही, तर घरून चित्र दिसणार नाही. घ्यावे का?

घेऊ नये. साध्या मोबाईल सिमवर कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवते, म्हणून आपला राउटर बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरचा माणूस थेट त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. बसवणाऱ्याला जी अडचण वाटते ती प्रत्यक्षात आपली फुकटची कुंपणभिंत आहे. स्टॅटिक पब्लिक आयपी घेऊन पोर्ट उघडले, की ही भिंत आपणच पैसे देऊन पाडल्यासारखे होते.

यात अतिशयोक्ती नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे आणि राउटर शोधून, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून वापरत, लाखो उपकरणे ताब्यात घेतली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या गर्दीने अमेरिकेतल्या एका मोठ्या सेवेवर हल्ला केला आणि अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास कोलमडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांचे चित्र नेहमीसारखेच दिसत होते.

घरून चित्र पाहण्याचे बरे मार्ग दोन आहेत. पहिला, राउटरनेच व्हीपीएनची (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी, सांकेतिक बोगद्याची) जोडणी बाहेरच्या बाजूला करायची आणि आपला फोनही त्याच व्हीपीएनमध्ये आणायचा. वायरगार्ड या व्हीपीएन प्रकाराची सोय असलेला राउटर यासाठी पुरेसा आहे. दुसरा, कॅमेऱ्याच्या उत्पादकाची क्लाउड सेवा वापरायची. ती सोपी आहे, पण त्यात आपले चित्र कोणाच्या सर्व्हरवरून जाते याचा विचार करावा लागतो. सहा कॅमेऱ्यांसाठी मी पहिलाच मार्ग धरीन.

एक बारकावा बसवणारे सहसा सांगत नाहीत. अनेक मोबाईल कंपन्या आता आयपीव्ही-सिक्स (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) देतात आणि त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो, म्हणजे वर सांगितलेली भिंत तिथे असेलच असे नाही. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही-सिक्सचा फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सोय) चालू आहे ना, हे स्वतः उघडून पाहावे. सगळ्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड वेगवेगळे करावेत. केंद्र सरकारच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने इंटरनेटशी जोडलेल्या उपकरणांसाठी २०२१ मध्ये काढलेल्या आचारसंहितेचे पहिलेच तत्त्व सगळ्या उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड नसावा, असे आहे.

प्रश्न : रत्नागिरीत आमचा मासळी प्रक्रियेचा उद्योग आहे. शीतगृहे आणि गाड्या मिळून चाळीस तापमापकांना सिम लागतील. बाजारातली साधी प्रीपेड सिम घ्यावीत, की एम-टू-एम (यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठीची) सिम? खासगी एपीएनची (मोबाईल नेटवर्कमधून बाहेर पडण्याच्या आपल्या वेगळ्या वाटेची) गरज आहे का?

चाळीस उपकरणांना साधी सिम घेऊ नयेत. रिचार्ज चुकले की क्रमांक बंद पडतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग आपल्या उपकरणाचे एसएमएस अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. आपल्याकडे एम-टू-एम सिमना २०१८ पासून तेरा अंकी क्रमांक मिळतात आणि नियमानुसार त्यांचे कॉल, एसएमएस व डेटा आधी ठरवून दिलेल्या मोजक्या क्रमांकांपुरते आणि पत्त्यांपुरते मर्यादित असतात. पळवलेले सिम फोनमध्ये घालून चोराला फारसे काही करता येऊ नये, हा त्यातला मोठा फायदा. राजापूरच्या सड्यावर आम्ही लावलेल्या एका हवामान केंद्राचे साधे सिम कोणीतरी काढून नेले होते. केंद्र मुके झाले म्हणून आम्ही सौरपॅनेल पुसत बसलो आणि महिनाभर त्या सिमवर कोणीतरी क्रिकेट पाहत होते.

सिम ठरावीक आयएमईआयलाच (उपकरणाच्या ओळख क्रमांकालाच) बांधून देण्याची सोयही मागून घ्यावी. आयएमईआयची नक्कल करता येते, म्हणून ही कडी समजावी, कुलूप नव्हे. शीतगृहातल्या उपकरणांसाठी सर्किटवरच डकवलेले ई-सिम मिळत असेल तर उत्तम. ते काढून नेताच येत नाही आणि खाऱ्या हवेने सिमचे संपर्क गंजण्याची कटकटही उरत नाही.

खासगी एपीएनचा निर्णय माहिती कुठे जाते यावर ठरतो. ती आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर येत असेल तर खासगी एपीएन घ्यावा, म्हणजे ती खुल्या इंटरनेटवर न येता मोबाईल कंपनीकडून बंदिस्त जोडणीने आपल्याकडे पोहोचते. ती तापमापकाच्या विक्रेत्याच्या क्लाउडवर जात असेल तर खासगी एपीएनवरचा खर्च बहुधा वाया जाईल. सिमला फक्त त्या सर्व्हरचा पत्ता मोकळा ठेवला की पुरे. एपीएन घेतलाच, तर कंपनीला लेखी विचारावे की आपल्याच चाळीस सिमना एकमेकांशी बोलता येते का. येत असेल तर ते बंद करून घ्यावे, नाहीतर एका गाडीतले उपकरण हाती लागलेला माणूस बाकीच्या एकोणचाळीसांपर्यंत पोहोचेल.

एपीएनमुळे माहिती सांकेतिक होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. उपकरण ते सर्व्हर असे टीएलएस (माहिती सांकेतिक करणारी पद्धत) वेगळे लागतेच. विक्रेता एमक्यूटीटी (उपकरणांचे छोटे संदेश पाठवायची पद्धत) वापरत असेल तर पोर्ट कोणते, एवढे विचारावे. उत्तर १८८३ आले तर बहुधा सगळे उघड्यावर चालले आहे, ८८८३ आले तर पुढची बोलणी करावीत.

प्रश्न : चिपळूणमध्ये नदीची पातळी मोजणारी चार यंत्रे लावायचा आमच्या मंडळाचा विचार आहे. वीज नाही, बॅटरीवर चालवायची आहेत. एनबी-आयओटी (कमी विजेवर चालणाऱ्या उपकरणांसाठीचे मोबाईल नेटवर्क) की लोरावॅन (सिमशिवाय चालणारी लांब पल्ल्याची रेडिओ जोडणी)?

जिथे यंत्र बसणार तिथे एनबी-आयओटीची रेंज प्रत्यक्ष मोजून मिळाली, तर तेच घ्या. सिमची ओळख-पडताळणी त्यात आपोआप येते. रेंज नसेल तर लोरावॅन. त्याचा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याविना वापरता येतो आणि संदेश १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने सांकेतिक होतात. फक्त प्रत्येक यंत्राची सांकेतिक किल्ली वेगळी ठेवा. चारही यंत्रांना एकच किल्ली देण्याचा आळस सर्रास होतो.

मात्र यंत्रात नोंदी साठवण्याची सोय हवीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावरच्या कितीतरी भागांत वीज आणि मोबाईल दोन्ही एकदमच गेले होते. जुलै २०२१ च्या पुरासारख्या रात्री, जेव्हा वाशिष्ठीच्या पातळीची माहिती सर्वांत जास्त हवी असेल, नेमका तेव्हाच टॉवर बंद असू शकतो. गणपतीत चाकरमानी आले की तो नुसता जड होतो, ते परवडले.

प्रश्न : मालवणात आमची मासेमारी नौका आहे. सिमवर चालणारा जीपीएस ट्रॅकर सुरक्षित आहे का?

बंदरात आणि किनाऱ्यालगत ठीक आहे. पुढे काही किलोमीटरांवर रेंजच संपते, त्यामुळे तांडेलाच्या जिवाचा भरवसा त्यावर ठेवू नये. त्यासाठी उपग्रहावर चालणारा ट्रान्सपॉन्डर (नौकेचे ठिकाण व संदेश पाठवणारे यंत्र) लागतो, आणि त्याची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कार्यालयात करावी.