मार्जिन खालून बघ

पुण्यात ऑन्कोसर्जरीला (कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला) नव्याने लागला आहेस म्हणून सांगतो. मार्जिन म्हणजे गाठीसोबत काढलेली भोवतीची निरोगी कड. जिभेच्या कॅन्सरमध्ये वरची कड डोळ्यांना दिसते, बोटांना लागते. दगा देते ती खोलातली कड. अल्ट्रासाऊंडचा खरा उपयोग तिथे.

गाठ काढली की नमुना लगेच फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकू नकोस. आधी टाके घालून दिशा नोंदव, मग सलाइनमध्ये ठेवून अल्ट्रासाऊंडच्या हाय-फ्रिक्वेन्सी प्रोबने बघ. ट्यूमर शेजारच्या स्नायूपेक्षा काळसर दिसतो. त्याच्या काठापासून कापलेल्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर सगळीकडून मोज. प्रोब दाबलास तर अंतर खोटंच कमी येईल, तेव्हा हात हलका ठेव. पॅथॉलॉजीच्या अहवालात साधारण 5 मिमी म्हणजे मोकळी कड; पण फॉर्मलिनमध्ये ऊती आकसते, त्यामुळे स्क्रीनवर काठोकाठ 5 दिसले तर मी खूश होत नाही. कमी भरलं तर रुग्णाच्या जखमेतल्या त्याच जागेवरून आणखी ऊती घे, आणि ती जागा पॅथॉलॉजिस्टला स्वतः जाऊन दाखव. फोनवर ‘मागची बाजू’ म्हणून भागत नाही.

आपल्याकडे तंबाखू-मिश्रीपायी गाल-हिरड्यांचेच रुग्ण जास्त. आजार जबड्याच्या हाडात शिरला असेल तर अल्ट्रासाऊंडचा भरवसा नको, सीटी नीट वाच. तोंडच उघडत नसेल तर आत प्रोब घालायचा हट्टही सोड. ऑटोफ्लुरोसन्स (निळ्या प्रकाशात ऊतीची स्वतःची चमक बघणं) पृष्ठभागापुरतंच बोलतं.

फ्रोझन सेक्शन (शस्त्रक्रिया चालू असतानाच ऊती गोठवून केलेली सूक्ष्मदर्शक तपासणी) मात्र यातल्या कशाच्याही जोरावर रद्द करू नकोस. आणि रेडिओलॉजिस्टला आदल्या दिवशीच सांगून ठेव, ऐनवेळी कोणी सापडत नाही.