फूटपाथ आहे, पण चालायचं कुठून?

प्रश्न : माझं वय ७२. बाजारात फूटपाथ असूनही मी रस्त्याच्या कडेनंच चालते, म्हणून मुलगा रागावतो. माझं चुकतं का? (गावभाग, सांगली)

नाही काकू, चूक फूटपाथची आहे. परवा अशाच एका फूटपाथवर मी टेप लावली. कडेची उंची भरली २८ सेंटिमीटर. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, जास्तीत जास्त १५. त्यातही दर दुकानापुढे गाडी चढवायला केलेला उतार, पुढे विजेची डीपी, मग गटाराचं हललेलं झाकण. वीस पावलांत तीनदा चढायचं-उतरायचं, तेही हातात भाजीची पिशवी घेऊन! दुखरे गुडघे रस्ताच धरणार. जिथं गाडी आत वळते तिथंही फूटपाथ सलग, एका पातळीत हवा. चढायचं ते गाडीनं. आणि किमान १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी अडणार नाहीत.

प्रश्न : कापड पेठेत वाहनं बंद केली तर गिऱ्हाईक तुटेल. आम्ही काय करायचं? (एक दुकानदार)

लग्नसराईवर वर्ष काढणाऱ्याला ही भीती वाटणारच. पण आधी आठवडाभर दारातल्या दुचाकी मोजा. सकाळी लावलेली गाडी रात्रीच हलत असेल, तर ती बहुधा गिऱ्हाइकाची नसते. आपली किंवा कामगाराची असते. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी या पट्ट्यात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर चालणाऱ्यांना देतात. सांगलीत एकदम बंदी नको, असं माझं मत. एकच पट्टा, संध्याकाळी ५ ते ९, दोन्ही टोकांना रिक्षा थांबा, आणि माल सकाळी ९ च्या आत उतरवायचा. महिनाभर करून पाहा आणि गल्ल्याचा हिशोब स्वतः ठेवा.

प्रश्न : फेरीवाले हटवले की प्रश्न सुटेल ना?

सुटणार नाही. भाजीवाली मावशी बसते म्हणून संध्याकाळी तिथं वर्दळ आणि उजेड असतो, एकट्या बाईला भीती वाटत नाही. २०१४ च्या कायद्यानुसार जागा ठरवायला समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे. चालायची पट्टी सोडून त्यांना आखून जागा द्या.

प्रश्न : पुरानंतर पेव्हर ब्लॉक उखडतात. सरळ काँक्रीट करावं का?

घाई नको. कडा पक्की नसली की पाणी खालची वाळू ओढून नेतं आणि ब्लॉक खचतात. कडेला काँक्रीटची पट्टी भरा, ब्लॉकखाली खडी नीट दाबून घ्या. गटार साफ करायला किंवा केबल टाकायला खोदलं, तर तेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात. फोडलेल्या काँक्रीटला कायमचं ठिगळ राहतं, आणि काकूंचा पाय त्यातच अडकतो.