इंग्रजीत वेळ सांगताना : वाचकांचे प्रश्न

या खेपेस आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. इंग्रजीत वेळ, मुदत आणि कालावधी कसे सांगावेत, हा तो विषय. पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवली, ती अशी की बहुतेक लेखकांना इंग्रजी शब्द ठाऊक आहेत. अडचण होते ती मराठीत एका शब्दाने भागते तेथे इंग्रजी दोन शब्द मागते म्हणून, आणि क्वचित त्याच्या उलटही घडते म्हणून. त्यामुळे पुढील उत्तरांत आधी मराठी वाक्याची फोड केली आहे आणि मग इंग्रजीकडे वळलो आहे.

प्रश्न : एका मुलाखतीत ‘मी तीन वर्षांपासून तेथे काम करतो’ हे सांगण्यासाठी मी ‘आय ॲम वर्किंग देअर सिन्स थ्री इयर्स’ असे म्हणालो. समोरच्यांनी वाक्य दुरुस्त केले, पण कारण सांगितले नाही. चूक नेमकी कोठे आहे?

उत्तर : चुका दोन आहेत आणि दोन्हींचे मूळ ‘पासून’ या शब्दात आहे. ‘२०२१पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ ही दोन्ही रूपे मराठीत सारखीच दिसतात, परंतु पहिल्यात आपण कॅलेंडरवरच्या एका ठिकाणावर बोट ठेवतो, तर दुसऱ्यात काळाची लांबी मोजतो. इंग्रजीला हा भेद महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीचे ठिकाण सांगायचे असेल तर ‘सिन्स’ (‘सिन्स २०२१’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स माय वेडिंग’) आणि लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’ (‘फॉर थ्री इयर्स’, ‘फॉर अ लाँग टाइम’). ‘सिन्स लास्ट थ्री इयर्स’ हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा प्रयोगही याच कारणाने चुकतो. तेथे ‘फॉर द लास्ट थ्री इयर्स’ हवे.

दुसरी चूक क्रियापदाची आहे. मराठीत ‘करतो’ किंवा ‘करत आहे’ एवढ्याने भागते, कारण मागचा काळ ‘पासून’ने सांगून झालेला असतो. इंग्रजीत मात्र तो भूतकाळ क्रियापदानेही उचलावा लागतो : ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर थ्री इयर्स’. ती नोकरी आपण सोडली असेल, तर ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ असे म्हणावे. दोन वाक्यांत शब्दांचा फरक थोडा असला, तरी मुलाखत घेणाऱ्याच्या दृष्टीने एका वाक्यात आपण नोकरीत आहात आणि दुसऱ्यात नाही.

‘उद्यापासून’ या तिसऱ्या ‘पासून’साठी ‘फ्रॉम’ वापरतात. ‘सिन्स’ कायम मागे पाहतो, म्हणून ‘सिन्स टुमॉरो’ होऊच शकत नाही.

प्रश्न : कार्यालयातील सूचनेत ‘अर्ज सोमवारपर्यंत द्यावेत’ यासाठी मी ‘टिल मंडे’ लिहिले. वरिष्ठांनी ते खोडून ‘बाय मंडे’ केले. ‘टिल’ म्हणजे ‘पर्यंत’च ना?

उत्तर : होय, परंतु सगळ्या ‘पर्यंत’चा अर्थ ‘टिल’ होत नाही. ‘सोमवारपर्यंत थांबा’ या वाक्यात थांबण्याची क्रिया अखंड चालू राहते आणि सोमवारी संपते. ‘सोमवारपर्यंत अर्ज द्या’ यात अर्ज देण्याची क्रिया एकदाच, एका क्षणी घडायची असते, आणि सोमवार ही तिची शेवटची मर्यादा असते. पहिल्या प्रकाराला ‘टिल’ किंवा ‘अंटिल’, दुसऱ्याला ‘बाय’. गंमत अशी की ‘अर्ज सोमवारपर्यंत स्वीकारले जातील’ असे लिहिले असते, तर ‘ॲप्लिकेशन्स विल बी ॲक्सेप्टेड अंटिल मंडे’ हे अगदी योग्य ठरले असते, कारण स्वीकारण्याचे काम रोज चालू असते.

नकारार्थी वाक्यात तर हा फरक अर्थच बदलून टाकतो. ‘ही डिड नॉट कम अंटिल फाइव्ह’ याचा अर्थ तो पाचला आला, त्याआधी आला नाही. ‘ही हॅड नॉट कम बाय फाइव्ह’ याचा अर्थ पाच वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता. पुढे तो आला की नाही, याविषयी वाक्य काहीच सांगत नाही.

सूचनेपुरती आणखी एक दक्षता घ्यावी. ‘बाय मंडे’मध्ये सोमवार धरायचा की नाही, याविषयी वाद होऊ शकतो. ‘ऑन ऑर बिफोर मंडे’ लिहिले की वादाला जागा उरत नाही. अशा शेवटच्या तारखेला आपण आता सहज ‘डेडलाइन’ म्हणतो. पण अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६४च्या सुमारास, हा शब्द युद्धकैद्यांच्या छावणीतील एका हद्दीसाठी वापरला जात होता, आणि ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. त्या मानाने आजच्या मुदती बऱ्याच सौम्य म्हणायच्या.

प्रश्न : बैठक ‘प्रीपोन’ झाली, असे म्हटल्यावर परदेशी सहकाऱ्यांना समजले नाही. हा शब्द चुकीचा आहे काय?

उत्तर : चुकीचा म्हणता येणार नाही. ‘पोस्टपोन’च्या धर्तीवर तो सुबक रीतीने बनलेला आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशात भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून त्याची नोंदही आहे. माझ्या मते तो इंग्रजीला हवाच होता. मात्र भारताबाहेरील श्रोत्याला तो अपरिचित असतो, म्हणून तेथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावे किंवा सरळ ‘द मीटिंग इज नाऊ ॲन अवर अर्लियर’ असे सांगावे.

खरा धोका मात्र दुसरीकडे आहे. आपण ‘बैठक पुढे ढकलली’ म्हणतो तेव्हा ती उशिरा होणार असते, आणि ‘फॉरवर्ड’ म्हणजे ‘पुढे’ असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. परंतु ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणे. उलट ‘पुश बॅक’ म्हणजे मागे ढकलणे नव्हे, तर उशिरा घेणे. याबाबत इंग्रजी भाषकांचेही एकमत नसते. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर ती आता कोणत्या दिवशी, असा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी भाषकांना विचारला, तेव्हा काहींनी सोमवार सांगितला आणि काहींनी शुक्रवार. काळ आपल्याकडे येतो असे मानणारा सोमवार म्हणतो, तर आपणच काळातून पुढे चालत जातो असे मानणारा शुक्रवार म्हणतो. म्हणून क्रियापद कोणतेही वापरा, पण नवा वार आणि नवी वेळ त्याच वाक्यात लिहा.

प्रश्न : ‘मी दोन तासांनी फोन करतो’ याचे इंग्रजी ‘आफ्टर टू अवर्स’ की ‘इन टू अवर्स’? ‘इन’ म्हणजे ‘आत’ ना?

उत्तर : येथे मराठी अधिक काटेकोर आहे. ‘दोन तासांनी’ आणि ‘दोन तासांत’ हे आपण वेगळे ठेवतो, तर इंग्रजी दोन्हींसाठी ‘इन’ वापरून मोकळी होते. ‘आय विल कॉल यू इन टू अवर्स’ म्हणजे दोन तासांनी. ‘आय रेड द रिपोर्ट इन टू अवर्स’ म्हणजे वाचायला दोन तास लागले. आतापासून पुढे मोजायचे असेल तर ‘इन’ हाच स्वाभाविक शब्द आहे. ‘आफ्टर टू अवर्स’ हे घडून गेलेल्या गोष्टीच्या कथनात शोभते. ‘दोन तासांच्या आत’ असे निक्षून सांगायचे असेल, तर ‘विदिन टू अवर्स’.

‘पूर्वी’चेही असेच आहे. आजपासून मागे मोजताना ‘टू इयर्स अगो’, आणि भूतकाळातील एखाद्या घटनेपासून आणखी मागे जाताना ‘टू इयर्स बिफोर’ किंवा ‘टू इयर्स अर्लियर’.

प्रश्न : एका ब्रिटिश ग्राहकाने ‘हाफ सेव्हन’ला भेटू म्हटले. मी साडेसहाला तयार होऊन बसलो. तो साडेसातला आला.

उत्तर : आपण मराठीवर विश्वास ठेवला असता, तर चुकला नसतात. ‘साडे’ हा ‘सार्ध’ या संस्कृत शब्दापासून आला. ‘सार्ध’ म्हणजे अर्ध्यासह. साडेसात म्हणजे सात आणि वर अर्धा. ब्रिटिश बोलीतील ‘हाफ सेव्हन’ हे ‘हाफ पास्ट सेव्हन’चे आखूड रूप असल्यामुळे त्याचा अर्थ तंतोतंत साडेसात होतो. आपला गोंधळ जर्मन माणसाने मात्र समजून घेतला असता, कारण जर्मन भाषेत ‘हाल्ब झीबेन’ म्हणजे साडेसहा.

पावणे आणि सव्वा यांचीही जोडी सहज जमते. ‘पावणे’ हा ‘पादोन’, म्हणजे पाव उणे, आणि ‘सव्वा’ हा ‘सपाद’, म्हणजे पावासह. म्हणून पावणेआठ म्हणजे ‘क्वार्टर टू एट’ आणि सव्वाआठ म्हणजे ‘क्वार्टर पास्ट एट’. अमेरिकी माणूस ‘क्वार्टर ऑफ एट’ म्हणाला, तर तेही पावणेआठच समजावे. सव्वाआठला तो ‘क्वार्टर आफ्टर एट’ म्हणतो. दीड आणि अडीच यांना मात्र इंग्रजीत एकशब्दी पर्याय नाही. वेळ असेल तर ‘हाफ पास्ट वन’, कालावधी असेल तर ‘ॲन अवर अँड अ हाफ’.

‘ओक्लॉक’ हा शब्द पूर्ण तासालाच लावावा; ‘सेव्हन थर्टी ओक्लॉक’ होत नाही. ‘क्लॉक’चे मूळ घंटा या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन शब्दात आहे आणि आपणही ‘सात वाजले’ असेच म्हणतो. दोन्ही भाषा घड्याळ आधी ऐकतात, हे मला फार आवडते.

प्रश्न : दुपारचे बारा ‘एएम’ की ‘पीएम’?

उत्तर : ही अक्षरे ‘मध्यान्हापूर्वी’ आणि ‘मध्यान्हानंतर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आहेत, त्यामुळे खुद्द मध्यान्ह तर्काने कोणातच बसत नाही. डिजिटल घड्याळांनी दुपारच्या बाराला ‘पीएम’ ठरवून टाकले आहे. तरीही लिहिताना ‘ट्वेल्व्ह नून’ आणि ‘ट्वेल्व्ह मिडनाइट’ लिहावे. मध्यरात्रीत आणखी एक खोच आहे : ‘मिडनाइट ऑन फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार सुरू होताना की संपताना? म्हणूनच अनेक सूचनांत ११.५९ अशी चमत्कारिक वाटणारी वेळ छापलेली असते.

जाता जाता ‘नून’विषयी. हा शब्द लॅटिनमधील ‘नववा’ या शब्दापासून आला. सूर्योदयापासून नववा तास म्हणजे साधारण तीन वाजण्याची वेळ. मध्ययुगाच्या ओघात ती सरकत सरकत बारावर आली. आपली ‘दुपार’ म्हणजे ‘द्विप्रहर’, दिवसाचे दोन प्रहर उलटल्याची वेळ, म्हणजे बारा. ती मात्र उलट दिशेने पसरली आणि आता चार वाजेपर्यंत पोचली आहे. म्हणून ‘दुपारी’चे भाषांतर बहुधा ‘इन द आफ्टरनून’ करावे, ‘ॲट नून’ नव्हे.

प्रश्न : ‘परवा’ला इंग्रजीत एक शब्द का नाही?

उत्तर : एकेकाळी होता. १५३५ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये ‘ओव्हरमॉरो’ हा शब्द येणाऱ्या परवासाठी सापडतो, पण तो टिकला नाही. आज ‘द डे आफ्टर टुमॉरो’ आणि ‘द डे बिफोर यस्टरडे’ अशी लांबण लावावी लागते. मात्र ‘परवा तो भेटला होता’ असे आपण सैलपणे म्हणतो, तेव्हा दिवस मोजलेले नसतात. तेथे ‘द अदर डे’ हा नेमका प्रयोग आहे. ‘काल रात्री’ला ‘यस्टरडे नाइट’ऐवजी ‘लास्ट नाइट’ म्हणावे आणि ‘आज रात्री’ला ‘टुनाइट’.

प्रश्न : पाक्षिकाला ‘बायवीकली’ म्हणावे काय?

उत्तर : टाळावे. शब्दकोशांत त्याचे ‘आठवड्यातून दोनदा’ आणि ‘दोन आठवड्यांतून एकदा’ असे दोन्ही अर्थ दिलेले असतात. ‘फोर्टनाइटली’ निःसंदिग्ध आहे, परंतु अमेरिकी वाचकाला तो फारसा परिचित नसतो. त्याच्यासाठी ‘एव्हरी टू वीक्स’ बरे. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री आणि आपला पंधरवडा पंधरा दिवसांचा, एवढा फरक हिशेबात धरावा.

प्रश्न : ‘टाइम’च्या आधी ‘द’ कधी लावायचे?

उत्तर : मराठी लिंग पाहावे. ‘माझा वेळ गेला’ यातील पुल्लिंगी वेळ म्हणजे खर्च होणारा, मोजता न येणारा काळ. तेथे साधारणतः नुसते ‘टाइम’. ‘निघायची वेळ कोणती’ यातील स्त्रीलिंगी वेळ म्हणजे ठरावीक घटका. तेथे ‘द टाइम’. तीच स्त्रीलिंगी वेळ ‘तीन वेळा’ अशी अनेकवचनी झाली, की ‘थ्री टाइम्स’. ‘इट इज टाइम टू गो’सारखे रूढ प्रयोग या खुणेला जुमानत नाहीत, पण एरवी ती बरीच उपयोगी पडते. ‘डू यू हॅव टाइम?’ असे कोणी विचारले, तर त्याला आपला वेळ हवा आहे. ‘डू यू हॅव द टाइम?’ असे विचारले, तर घड्याळ पाहावे आणि किती वाजले ते सांगावे.