इंग्लंडच्या शाळेत १ सप्टेंबरला रुजू व्हायचं होतं, पण टीबीच्या तपासणीत अडकले. नोकरी जाईल का?

उशीर झाला म्हणून शाळा सहसा माणूस सोडत नाही. माणूस कधी येणार हेच कळेनासं झालं की सोडते. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याच गोष्टीची. एक्स-रेत जुना डाग निघाला, थुंकीचे नमुने देऊन झाले, अहवालाला आठ आठवडे लागणार असं व्हिसासाठीच्या टीबी तपासणी केंद्राने सांगितलं, आणि शाळेला तुम्ही अजून काहीच कळवलेलं नाही, कारण 'टीबी' हा शब्द लिहायची भीती वाटते.

ती भीती मला चांगली माहीत आहे. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. २०२४च्या सप्टेंबरमध्ये वेस्ट मिडलँड्समधल्या एका शाळेत रुजू व्हायचं ठरलं होतं, आणि माझ्याही एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या टोकाला जुना व्रण दिसला. प्रत्यक्ष वर्गावर उभी राहिले ती ऑक्टोबरची हाफ-टर्म सुट्टी संपल्यावर. घरात कुजबुज सुरू झाली, सासूबाई वेगळी ताटवाटी ठेवायचं सुचवून गेल्या. म्हणून आधी हे मनात पक्कं करा: जुना डाग म्हणजे चालू आजार नव्हे. लहानपणी कधीतरी होऊन आपोआप बऱ्या झालेल्या संसर्गाचीही खूण राहते. तपासणी केंद्राला एवढंच पाहायचं असतं की आज तुमच्या थुंकीत जिवंत जंतू आहेत का.

आठ आठवडे का, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला सांगायला नको, पण तुमच्या घरच्यांना सांगता येईल म्हणून लिहिते. विरजण एका रात्रीत लागतं, कारण ते जंतू भराभर वाढतात. टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायलाच पंधरा-वीस तास घेतो. त्यामुळे तीन दिवस सलग घेतलेल्या नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी लवकर होते, पण कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीला, 'काही उगवलं नाही' असं ठामपणे म्हणायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. पैसे भरून किंवा ओळख काढून यात काही होत नाही. या काळात कुणी 'खबरदारी म्हणून' टीबीची औषधं सुरू करायला सांगितलं, तर आधी छातीच्या तज्ज्ञांशी आणि त्या केंद्राशी बोला. उपचार एकदा सुरू झाले की सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. जुने एक्स-रे घरात कुठे असतील तर शोधून केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा.

आता शाळा. आजच ईमेल करा. फार लांब नको, दहादा माफी मागायलाही नको. व्हिसासाठी लागणाऱ्या आरोग्य तपासणीत कल्चर करायला सांगितलं आहे, प्राथमिक अहवाल असा असा आहे, अंतिम अहवाल अमुक तारखेच्या सुमारास येईल, त्यानंतर व्हिसाला साधारण तीन आठवडे, म्हणजे मी अमुक आठवड्यापर्यंत येऊ शकेन. केंद्राची पावती जोडा. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर ही तपासणी करावीच लागते, त्यामुळे परदेशी शिक्षक घेणाऱ्या शाळेला यात नवल वाटत नाही. आपल्याकडे चांगली बातमी असेल तेव्हाच कळवायची सवय असते. तिथल्या मुख्याध्यापकांना मात्र सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी तुमच्या वर्गांवर कोण उभं राहणार हे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ठरवायचं असतं. तारीख कळली की ते एजन्सीकडून तेवढ्याच काळासाठी बदली शिक्षक बोलावतात. शाळा थांबायला कायद्याने बांधलेली नाही हे खरं, पण भौतिकशास्त्राचे शिक्षक तिथे सहजी मिळत नाहीत. भारतासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांना २०२३च्या फेब्रुवारीपासून तिथली शिक्षक-मान्यता घेण्याचा रस्ता मोकळा केला, तोही गणित, विज्ञान आणि भाषा याच विषयांसाठी.

त्याच ईमेलमध्ये एक प्रश्न विचारा: सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे कॉस (व्हिसासाठी शाळा तुमच्या नावाने काढते ते प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र), काढून झालं आहे का, आणि कोणत्या तारखेला? तुमचं खरं घड्याळ हे आहे. कॉस मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज गेला पाहिजे. टीबीच्या प्रमाणपत्राशिवाय अर्ज करून बघू, असा विचारही करू नका. तो नाकारला जातो. अजून कॉस काढलं नसेल तर अहवाल येईपर्यंत थांबायला सांगा. काढलं असेल आणि मुदतीत बसत असेल, तर शाळेला त्यावर टीप जोडून रुजू व्हायची तारीख पुढे करता येते. मुदत उलटणार असेल तर नवीन काढावं लागतं आणि शाळेला शुल्क पुन्हा भरावं लागतं, म्हणून हे त्यांना वेळेवर कळलेलं बरं.

'२८ दिवसांत रुजू झालं नाही तर व्हिसा रद्द' असं तुम्ही कुठेतरी ऐकलं आहे. ते २८ दिवस तीन तारखांपैकी सर्वांत उशिराच्या तारखेपासून मोजतात: कॉसवरची रुजू होण्याची तारीख, व्हिसा लागू होण्याची तारीख आणि व्हिसा मंजूर झाल्याचं तुम्हाला कळवलं ती तारीख. तुमचा अर्जच गेलेला नाही, म्हणजे ती मोजणी तुमच्यासाठी सुरूच झालेली नाही. पुढे त्यातही उशीर झाला तर शाळेने कारण कळवायचं असतं, आणि आजारपण हे मान्य कारणांत येतं.

इथल्या नोकरीचा राजीनामा दिलात म्हणजे कार्यमुक्त झालात असं नाही. मुख्याध्यापकांना भेटून कार्यमुक्तीची तारीख पुढे नेता येते का विचारा. सत्राच्या सुरुवातीला माणूस हातचा जाण्यापेक्षा बऱ्याच संस्थांना ते सोयीचं असतं. ते नाही जमलं, तरी संबंध चांगले ठेवा, कारण इंग्लंडची शाळा संदर्भपत्र इथूनच मागवणार आहे. पोलीस दाखलाही याच काळात पासपोर्ट सेवेतून काढून ठेवा. शिक्षकांना व्हिसासाठी तो लागतो.

पैशाचा हिशेब नव्याने मांडा. पगार रुजू झाल्या दिवसापासून. मी अर्ज केला तेव्हा व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड होता, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागला. शाळेने कॉसवर तुमच्या राहण्या-खाण्याची हमी दिलेली नसेल तर १,२७० पौंडांइतकी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसली पाहिजे, म्हणून त्या पैशाला मध्येच हात लावू नका. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावर.

उरलेल्या वेळात शाळेकडून त्यांचा वर्षभराचा अभ्यास-आराखडा आणि परीक्षा मंडळाचं नाव मागून घ्या. माझ्याकडे एक्यूए होतं. त्यांच्या जीसीएसई (तिथली आपल्या दहावीसारखी परीक्षा) भौतिकशास्त्रात दहा प्रयोग सक्तीचे आहेत आणि त्यांच्यावरचे प्रश्न लेखी परीक्षेत येतात. आपल्याकडे दहावीच्या मुलांच्या हातात साहित्य फारसं जात नाही, तिथे तीसेक मुलं एकाच वेळी स्प्रिंगला वजनं लावत असतात. त्याची तयारी आधीच करा. मुलांच्या सुरक्षिततेची सरकारी मार्गदर्शिका, 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन', मोफत मिळते. तिचा पहिला भाग प्रत्येक शिक्षकाने वाचणं सक्तीचं आहे. मधूनच रुजू होणाऱ्याला कुणी नीट बसून समजावत नाही, सगळे धावपळीत असतात, म्हणून वर्गात कोण कुठे बसतं हे दाखवणारा, मुलांची छायाचित्रं असलेला बैठक-आराखडा निघायच्या आठवड्यात आठवणीने मागा. पहिल्याच तासाला मुलांना नावाने हाक मारता आली की बदली शिक्षकांना कंटाळलेला वर्ग लवकर ऐकायला लागतो.