मारुती ८०० च्या इंजिनची घरगुती बग्गी, इंजिन मागे, रेडिएटर पुढे. सारखी तापतेय, कूलंटमधली (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यातली) हवा कशी काढू?

हवाच अडकली असणार भावा, मी तीन रविवार वॉटर पंपाला शिव्या घातल्या नि निघाला बुडबुडा. कूलंट भरायचं झाकण हेडपेक्षा, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापेक्षा, खाली असेल तर कितीही कूलंट ओत, हेडमधली हवा हलत नाही, म्हणून इंजिनच्याही वर, रोल केजला (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) छोटी हेडर टाकी, म्हणजे कूलंट भरायची टाकी, लाव आणि झाकण तिथंच ठेव. लांब पाइपांना मधे कमान नको. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात ब्लीड निपल (हवा सोडायची छोटी तोटी) हवाच, गार इंजिनवर भरताना तो उघडा ठेव, फसफस थांबून सलग धार आली की बंद कर, मग टाकीचं झाकण उघडंच ठेवून गाडी चालू कर. थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडला की वरचा होज एकदम गरम लागतो, लेव्हल खाली जाते, तेव्हा टॉपअप करून झाकण लाव. तापमानाच्या काट्यावर भरवसा नको, सेन्सर हवेत असला तर गारच दाखवतो. आणि तापलेलं झाकण नंतर उघडू नकोस, भाजशील.