तिच्या वतीनं बोलू नका

“मॅडम, लग्न झाल्यावर सुधरंल न्हवं ही?” सांगलीजवळच्या कुपवाडहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या आईनं बसता बसताच विचारलं. शेजारी मुलगी ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. वय २५, बी.कॉम. झालेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कॉलेजची शेवटची वर्षं करोनात मोबाइलवरच गेली. मग एकेका मैत्रिणीचं लग्न झालं आणि हिचं बाहेर जाणं थांबलं. रिचार्ज वडील मारायचे, कपडे आई आणायची, एटीएम कार्ड वडिलांच्या पाकिटात. मुलगा असा चार वर्षं घरात बसला तर गल्ली विचारून विचारून हैराण करते. मुलगी बसली की ‘किती शांत आहे’ म्हणतात. बघायला पाहुणे आले आणि ही तासभर न्हाणीघराचं दार उघडेना, तेव्हा कुठं घर जागं झालं.

आईला मी स्पष्ट सांगितलं, लग्नानं हे सुटत नाही. हीच भीती घेऊन ती परक्या घरात जाईल आणि तिथं तिला सांभाळून घेणारं कुणी ओळखीचंही नसेल.

मग मुलीशी एकटीशी बोलले. झोप, भूक, पाळी. ‘जगूच नये असं वाटतं का?’ हेही सरळ विचारलं. असं विचारल्यानं तो विचार मनात पेरला जातो हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळं होतं. तिला तसं वाटत नव्हतं, पण दिवसभर गळून गेल्यासारखं व्हायचं. म्हणून मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले. तुमच्या घरात कुणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील, तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं.

“आत्मविश्वास आला की नोकरी बघीन,” ती म्हणाली. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक मुलामुलींचं हेच म्हणणं असतं. मला ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं, कारण वाट बघण्यात वर्षं जातात आणि तो येत नाही. आधी पाय बाहेर पडतो, धीर मागून येतो.

पहिलं काम ठरलं पासबुक भरून आणायचं, एकटीनं. पहिल्या दिवशी ती बँकेच्या पायरीवरून परत आली. घरी पोचताच छातीतली धडधड थांबली. खरी गोम इथंच आहे. पळालो म्हणून वाचलो, असं मन शिकतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर पळवतं. म्हणून दुसऱ्या वेळी आत जायची सक्तीच ठेवली नाही. धडधड वाढली तरी निघायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत दारातच थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं लागली. तिसऱ्या खेपेला पासबुक भरलं गेलं. तिनं ते मला आणून दाखवलं तेव्हा माझेच डोळे भरून आले.

आईलाही मी एकच काम दिलं होतं: तिच्या वतीनं बोलायचं नाही. रिक्षावाल्याशी नाही, दुकानदाराशी नाही, आत्याच्या फोनवरही नाही. आईला हे फार जड गेलं. लेकीची जीभ अडखळताना गप्प बसणं सोपं नसतं.

नोकरीचा विषय आम्ही तीन महिन्यांनी काढला. वडील हळदीच्या अडतीत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात, मुनीम. ‘शेटजींना सांगून चिकटवतो’ म्हणाले. मी नको म्हटलं. तिथं ती मुनिमांची मुलगीच राहिली असती. तिनं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि दुसऱ्या एका अडतीत, फक्त हंगामापुरतं, दुपारचे चार तास काम धरलं. पहिल्या कामाला हंगामी काम मला फार आवडतं. त्याला शेवटाची तारीख असते, म्हणून घाबरलेल्या मनालाही ते झेपेलसं वाटतं. सांगलीत हळद आहे, तासगावला बेदाणा आहे. सौदे जोरात असले की लिहिणारे हात कमीच पडतात. ओळख नसेल त्यांनी राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवावं, नोंदणीला पैसे पडत नाहीत. ‘नोकरी लावतो, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

काम शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, करायचं होतं: पोती, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा. दुसऱ्या आठवड्यात तिनं एका पट्टीत वजन चुकवलं, शेतकरी चारचौघांत ओरडला. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही आणि आईनं परस्पर फोन करून ‘ताप आलाय’ सांगितलं.

त्या संध्याकाळी दोघींना बोलावलं. चुकलेली पट्टी माझ्या दृष्टीनं किरकोळ होती, तो फोन नव्हता. माझ्यासमोरच मुलीनं दुकानात फोन लावला. “ताप नव्हता. घाबरले होते. उद्या येते.” पलीकडून दिवाणजी म्हणाले, “या की. पट्टी दुरुस्त करून दिली कालच.”

पहिल्या पगाराआधी तिनं एटीएम कार्ड वडिलांकडून मागून घेतलं, पिन स्वतः बदलला. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हंगाम संपेपर्यंत थांबवा, हेही तिनंच सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत, मग बोलले. गर्दीच्या बसमध्ये तिचे तळहात अजून घामेजतात; त्यावर काम चालू आहे.

गेल्या गुरुवारी तिचा फोन आला. “मॅडम, शनिवारी नाही जमणार. पट्ट्या पडल्यात. पुढच्या मंगळवारी सकाळी येऊ का?” मी वहीत तिची वेळ बदलून घेतली.